दोन वह्या, एक काळं कुत्रं

स्किप्टन, यॉर्कशर
१४ एप्रिल

प्रिय डूगल,

तुझं पत्र पोचलं. सात पानांपैकी पाच गोल्फवर, दीड तुझ्या गुडघ्यावर आणि उरलेलं अर्धं हवेवर. नोरा होती तेव्हा पत्रं तीच लिहायची आणि त्यात गोल्फला दोन ओळी मिळायच्या. त्या पुरत असत. माझ्या धाकट्या बहिणीच्या माघारी तू तिचं हे काम उचललंस आणि चार वर्षं न चुकता लिहितो आहेस, याबद्दल मला तुझा आदर आहे. पण तेवढ्यावरून मी गोल्फला खेळ म्हणेन असं समजू नकोस.

चेंडू जमिनीवर स्वस्थ पडलेला असतो. तो कोणी तुमच्या अंगावर फेकत नाही, तो वळत नाही, उसळत नाही. तरी तुमच्या व्यावसायिकांचा नेम चुकतो आणि चुकला की ते हातातल्या काठीकडे रागाने बघतात. सामान वाहायला दुसरा माणूस. दिवसभर खेळून पँटला मातीचा एक डाग नाही. याला मी जेवणानंतरचा फेरफटका म्हणते.

मंगळवारपासून आमच्या काउंटीच्या दुसऱ्या संघाचे सामने सुरू झाले. स्कोअरची वही घेऊन बसायचा हा माझा बत्तिसावा हंगाम. शाळेतलं गणित सुटलं, वही सुटली नाही. या वर्षी मैदानावरच्या फलकाचे आकडे कोणीतरी फार बारीक रंगवले आहेत. माळ्याला तसं म्हटलं तर तो म्हणतो, "मिस ओल्डरॉइड, त्या फलकाला पाच वर्षांत ब्रश लागलेला नाही." माळ्यांना हल्ली उलट बोलायची सवय लागली आहे.

जुलैत तुमच्याकडे व्यावसायिकांची स्पर्धा आहे आणि मी यावं, असं लिहिलंस. जुलैत मला सामने आहेत.

फोटो मिळाला. बाक सुरेख जागी आहे. त्यावर कोट तसाच टाकून जायची तुझी सवय गेलेली दिसत नाही. शेजारचं काळं कुत्रं गुणी वाटतं. कधी पाळलंस?

तुझी,
मुरिएल


क्रेल, फाइफ
२२ एप्रिल

प्रिय मुरिएल,

ते कुत्रं नाही. ती माझी गोल्फची बॅग आहे. वीस वर्षं झाली, अजून कोणाला चावलेली नाही. तू तिला गुणी म्हणालीस हे मी तिला सांगितलं. क्लबातही सांगितलं. आता सगळे येता-जाता तिच्या मुठीवरून हात फिरवतात आणि "काय गं, जेवलीस का?" विचारतात.

कोटाबद्दल पुन्हा कधीतरी.

आता तुझ्या क्रिकेटकडे वळू. पाच दिवस खेळून कोणीच जिंकत नाही आणि तुम्ही घरी जाताना म्हणता, छान झाला सामना. जेवायला थांबता, चहाला थांबता, ढग आला की थांबता. आमच्याकडे पाऊस आडवा येतो. मग आम्ही छत्री आडवी धरतो, एवढाच फरक. आणि तुमचे अकरा जण मैदानात असतात त्यातले सात तर नुसते उभे असतात. तेवढ्यासाठी पगार मिळत असेल तर मी माझा गुडघा घेऊनही येईन.

माझे व्यावसायिक धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हणत नाही. हल्लीचा एकेक जण चेंडूपाशी पोचला की आधी खिशातून वही काढतो. मग गवत उडवून वारा बघतो. मग बॅगवाल्याला विचारतो, तो सांगतो ते याला पटत नाही, मग दोघं मिळून वहीत बघतात. माझ्या वडिलांनी तेवढ्या वेळात नऊ खड्डे खेळून घरचे बटाटे काढले असते. पण हे आपलं आपल्यात. बाहेर बोललीस तर मी साफ नाही म्हणेन.

आमच्या क्लबाला स्पर्धेत नवव्या खड्ड्याची राखण दिली आहे. मला 'शांत राहा' असं लिहिलेली पाटी धरायची आहे. चाळीस वर्षं मास्तरकी केलेलं माणूस त्या पाटीशेजारी बसलं तर पाटीची गरज उरणार नाही. विचार कर.

तुझा,
डूगल


स्किप्टन
९ मे

प्रिय डूगल,

फोटो नीट छापलेला नव्हता. एवढं पुरे. माझा चष्मा व्यवस्थित आहे.

मैदानात सात जण नुसते उभे असतात, असं तू लिहिलंस. त्या सातांपैकी एक जण दीड तास उभा राहतो आणि मग अर्ध्या सेकंदात झेल घेतो. दीड तास तयार राहणं तुला दिसत नाही, कारण तुमच्याकडे प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. बाकी रंगीत पायजमे घालून दिव्याखाली खेळतात ते मला क्रिकेट म्हणून सांगू नकोस. त्या व्यावसायिकांबद्दल माझं मत तुझं वहीवाल्यांबद्दल आहे तसंच आहे, आणि हेही आपल्यात.

माझ्या कामाची तू चेष्टा करतोस म्हणून एकदा नीट सांगते. स्कोअरर दोन असतात, दोन्ही संघांचा एकेक. शेजारी शेजारी बसायचं, वह्या दोन. षटक संपलं की ताळा करायचा. पंचाने दोन्ही हात आडवे पसरले की वाइड, एक हात वर केला की बाय. खूण केली की पंच आमच्याकडे बघत थांबतो. आम्ही हात वर करून पोच दिल्याशिवाय पुढचा चेंडू टाकता येत नाही. बत्तीस वर्षांत माझ्यामुळे पंच ताटकळला नाही.

गेल्या आठवड्यात पाहुण्यांचा स्कोअरर पर्सी ऑलब्राइट होता. वीस वर्षांची ओळख. पण आता त्याला काय झालं आहे कळत नाही, प्रत्येक चेंडू मोठ्याने वाचतो. "ऑफला दोन धावा, मुरिएल. गोलंदाज तोच, मुरिएल." जसं काही पहिलीतल्या मुलाला सांगतो आहे. म्हातारा झाला.

आमच्याकडे कीथ सगडन नावाचा मुलगा चाचणीवर आहे, वेगवान गोलंदाज. माझ्याच वर्गात होता. भागाकार त्याला तीन वर्षं आला नाही, गोलंदाजी येते. हंगामाअखेर त्याला करार द्यायचा की घरी पाठवायचं हे ऑगस्टमध्ये समिती ठरवणार. बाप नाही, आई बेकरीत कामाला. मी पक्षपात करत नाही, वहीत जे आहे ते आहे. पण वहीत चांगलं यावं असं वाटतं.

ऊन फार आहे. आणि माझी रुंद काठांची निळी टोपी बारा वर्षांपूर्वी तुमच्या घरातून नाहीशी झाली ती झालीच. नोरा अखेरपर्यंत म्हणत होती, मी पाहिलीच नाही.

मुरिएल


क्रेल
२० मे

प्रिय मुरिएल,

पर्सी ऑलब्राइट मला आवडला. त्याला माझा नमस्कार सांग.

आमच्या क्लबातल्या रॉरी पिटीची गोष्ट ऐक. व्यावसायिक आहे, बत्तीस वर्षांचा, दोन मुलं. मागच्या आठवड्यात मोठ्या स्पर्धेची निवड फेरी खेळला आणि निवडला गेला. आता गोल्फमध्ये तुझे फटके तू लिहीत नाहीस, तुझा प्रतिस्पर्धी लिहितो, आणि शेवटी तू ते कार्ड तपासून सही करतोस. रॉरीने सही केली, मोटारीने चाळीस मैल घरी आला, बायकोने चहा ओतला. कपात साखर घालताना त्याच्या लक्षात आलं की सातव्या खड्ड्यावर पाच फटके झाले होते आणि कार्डावर चार आहेत. दुसऱ्याने चुकून लिहिले, याने न बघता सही केली. कोणाला कळलं नव्हतं आणि कळणारही नव्हतं.

चहा तसाच ठेवून तो पुन्हा चाळीस मैल गेला आणि म्हणाला, मला काढा. त्यांनी काढलं. बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "निदान चहा तरी पिऊन जायचं होतं."

मी असतो तर गेलो असतो का? खरं सांगू, चहा पूर्ण प्यायलो असतो आणि मग गुडघा दुखतो म्हणालो असतो.

तुमच्याकडे खेळाडूवर पंच असतो, हे ठीक. पण स्कोअररवर कोण पंच असतो गं? ज्ञानासाठी विचारतो आहे.

डूगल


स्किप्टन
१८ जून

डूगल,

घाईत लिहिते आहे. पेन जाड आहे म्हणून अक्षर मोठं दिसेल.

स्कोअररवर दुसरा स्कोअरर असतो. ते मी सांगितलं होतं.

गेल्या मंगळवारचा सामना पावसाच्या तोंडावर कसाबसा संपला. सगडनला चार विकेट मिळाल्या. पाच मिळाल्या असत्या तर त्याचं पहिलंच पंचक झालं असतं.

तुझ्या स्पर्धेला येते. जुलैचा तिसरा आठवडा ना? सामने आहेत, पण दुसरं कोणी बघेल. पाटी तूच धर.

मुरिएल


क्रेल
२४ जुलै

प्रिय मुरिएल,

गाडी वेळेवर पोचली असेल. इथे अजून दुसरा विषय नाही. तू स्वतः कोणाला सांगणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून मीच लिहून ठेवतो, पुढच्या पिढ्यांना उपयोगी पडेल.

शनिवार, नववा खड्डा. दोनशे माणसं दोरीमागे. चेंडू कुठे पडला ते बघून हाताने सांगणारा आमचा माणूस, भडक नारिंगी कोटात, आपल्यापासून तीस पावलांवर. चेंडू मोकळ्या गवतात नीट पडला. म्हणून त्याने दोन्ही हात आडवे पसरले, म्हणजे सगळं ठीक. आणि माझ्या शेजारच्या खुर्चीतून मिस ओल्डरॉइड ताठ उभ्या राहिल्या आणि त्यांनी उजवा हात वर केला.

पुढचं माझ्या हातात नव्हतं. आमच्याकडे राखणदाराने हात वर केला की लोकांनी गप्प व्हायचं असतं. ते झाले. पण खेळाडू अजून चेंडूपाशी आलेलाच नव्हता, मग गप्प कशासाठी? तुझ्या मागच्या म्हाताऱ्याने तुझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तुझा चेहरा तुला माहीत आहे. त्याने टोपी काढली. त्याला बघून शेजारच्याने काढली. मिनिटभरात दोनशे माणसं बोडकी उभी. खेळाडू टेकाडावर आला, त्याने हे पाहिलं आणि त्यानेही टोपी काढून छातीशी धरली. बॅगवाल्याने बॅग खाली ठेवली. दूर कुठेतरी एक मूल रडलं तर आईने त्याला पोटाशी धरलं.

तू हात खाली घेईपर्यंत कोणी हललं नाही. नंतर खेळाडू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "कोण गेलं?" मी म्हटलं, "क्लबातले जुने." तो म्हणाला, "वाईट झालं," आणि त्याने दोन फटक्यांत चेंडू आत घातला.

हसून झालं. आता दुसरं लिहितो.

हात खाली घेतल्यावर तू मला विचारलंस, "वाइड होता का?" चेंडू तुझ्या बुटापासून हातभर अंतरावर पडला होता, मुरिएल. त्याचा आवाज ऐकून तू पाय मागे घेतलास. तुला नारिंगी कोट हलताना दिसला, माणूस दिसला नाही, चेंडू दिसला नाही.

नोराच्या टेबलाच्या तिसऱ्या खणातलं मोठं भिंग गेलं आहे. परत पाठवू नकोस, तुझंच समज. पण चोरी पकडली गेली हे कळावं.

डूगल


स्किप्टन
३० जुलै

प्रिय डूगल,

माणसाने गेलेल्या लोकांबद्दल खोटं बोलू नये. निदान एखादं नाव तरी ठरवून ठेवायचं होतंस.

भिंग मी घेतलं. मला न विचारता घ्यायचं नव्हतं, पण विचारलं असतं तर कशाला म्हणून तू विचारलं असतंस.

आता हे एकदाच लिहिते. अकरा जूनचा सामना. पाहुण्यांची स्कोअरर नवी होती, मिसेस टेनंट, लाजरी बाई. पर्सीसारखी बोलणारी नव्हती. ती माझ्या वहीत बघून उतरवत होती, कारण मी बत्तीस वर्षांची. शेवटचं षटक आमचा दुसरा वेगवान गोलंदाज ब्रेथवेट टाकत होता. चौथ्या चेंडूनंतर काहीतरी थांबलं, मैदानात माणसं गोळा झाली, मग खेळ सुरू झाला. सहाव्या चेंडूवर शेवटचा फलंदाज त्रिफळाचीत. मी ब्रेथवेटच्या नावावर विकेट लिहिली, मिसेस टेनंटने माझ्याकडचं लिहिलं, ताळा जुळला, पाऊस आला, सगळे पळाले.

दारात कीथ सगडन थांबला होता. म्हणाला, "मिस, मला वाटलं माझ्या पाच झाल्या." मी म्हटलं, "वहीत चार आहेत, कीथ. दोन्ही वह्यांत." तो म्हणाला, "हो मिस," आणि गेला. वर्गात म्हणायचा तसंच.

घरी जायला बसमध्ये बसले. पुढच्या सीटवरचे दोघं बोलत होते की ब्रेथवेटचा पाय चांगलाच मुरगळला, उचलून न्यावा लागला. उचलून नेलेला माणूस दोन चेंडू टाकून विकेट घेत नाही. षटक सगडनने पुरं केलं होतं. दोघंही उंच, दोघांचे केस पिवळे, आणि मला तिथे नुसते पांढरे ठिपके हलताना दिसत होते. गेले वर्षभर तेवढंच दिसतं आहे. बाकीचं मी आवाजावरून, टाळ्यांवरून आणि पर्सीवरून लिहिते आहे. पर्सी म्हातारा झालेला नाही.

हे मला त्याच संध्याकाळी कळलं. आज सात आठवडे झाले.

तू रॉरी पिटीची गोष्ट मे महिन्यात लिहिलीस. मी ती जूनमध्ये पुन्हा वाचली आणि पत्र खणात टाकलं. चूक सांगायची म्हणजे ती का झाली ते सांगायचं. ते सांगितलं की वही जाईल, आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं लागेल. आमच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून तीन आठवडे निजवलं होतं. घरी आली ती एका डोळ्याने आंधळी. नोरा लहान होती. मी नव्हते.

समितीची बैठक आठ ऑगस्टला आहे. तुला लिहिलं म्हणजे त्यांना सांगितलं असं होत नाही, हे मला समजतं.

मुरिएल


क्रेल
२ ऑगस्ट

प्रिय मुरिएल,

सल्ला देत नाही. मी चहा पिणाऱ्यांतला आहे, हे आधीच कबूल केलं आहे.

पण एक कबुली माझीही आहे. गेल्या वर्षी मार्चमध्ये मी डंडीला जाऊन उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून घेतला आणि मे महिन्यात डाव्याचा. सकाळी नऊला आत गेलो, चारला घरी येऊन टोस्ट खाल्ला. नोराकडून ऐकलेल्या वाळूच्या पिशव्या मागितल्या तर नर्स म्हणाली, "आजोबा, आता आम्ही त्या पुरासाठी ठेवतो."

तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर त्याआधीची दोन वर्षंही कळवावी लागली असती. दोन वर्षं मी चेंडू पायाने चाचपून शोधत होतो. एकदा क्लबाच्या दारातल्या कचरापेटीला मी गुड मॉर्निंग म्हटलं आणि उत्तर आलं नाही म्हणून आठवडाभर राग धरला. म्हणून बॅगेचं कुत्रं झालं तेव्हा मी हसलो, पण मला नवल वाटलं नाही.

सोमवारी दुपारच्या गाडीने येतो. आठ तारखेला बाहेर बसेन. तुला आत जायचं तर जा, नाही तर आपण सामना बघू आणि घरी जाऊ, मी पुन्हा हा विषय काढणार नाही. येताना खेकडे आणतो. डब्यात वास येईल त्याला इलाज नाही.

एक विचारायचं राहिलं. क्रिकेटमध्ये बोललेलं चालतं ना?

डूगल


स्किप्टन
१२ ऑगस्ट

प्रिय डूगल,

तू परत गेल्यावर पॅव्हिलियनमधल्या बायकांनी तुझी चौकशी केली. चहाच्या वेळी तू मोठ्याने "पण जिंकतंय कोण?" विचारलंस तेव्हा साठ माणसांनी वळून पाहिलं होतं. मी सांगितलं, स्कॉटलंडचे आहेत. त्यांना ते पुरलं.

गाडीच्या घाईत मी तुला एवढंच म्हणाले की सांगितलं. आत काय झालं ते आता लिहिते.

वही उघडली, ती ओळ लाल शाईने खोडली, सगडनचं नाव घातलं, शेजारी सही केली आणि का ते सांगितलं. पंचाच्या टिपणवहीतही तसंच निघालं. मिसेस टेनंटला मी आधीच पत्र टाकलं होतं. तिचं उत्तर आलं की तिला तेव्हाच शंका होती, पण माझ्यासमोर बोलायचा धीर झाला नाही. अध्यक्ष म्हणाले, "मुरिएल, हे आपल्यातच ठेवू." मी म्हटलं, "इतिवृत्तात लिहा, आणि तारखेसकट लिहा." त्यांनी लिहिलं. वही मी टेबलावर ठेवली.

आता तुला हसायला देते. मी विचारलं, या दुरुस्तीमुळे सगडनच्या कराराचा पुन्हा विचार होईल ना? प्रशिक्षकाने इकडे तिकडे पाहिलं. म्हणाला, "मिस ओल्डरॉइड, त्याला दोन वर्षांचा करार द्यायचं आमचं जूनच्या सुरुवातीलाच ठरलं आहे. आम्ही आकडे बघत नाही. आम्ही त्याची धाव बघतो, खांदा बघतो." मी म्हटलं, "मग बत्तीस वर्षं ही वही कोण वाचतं?" शेवटी खजिनदार म्हणाला, "अक्षर फार सुंदर आहे तुमचं."

म्हणजे आठ आठवडे मी ज्या भीतीने झोपले नाही ती गोष्ट नव्हतीच. असं मला बाहेर येईपर्यंत वाटत होतं. तू गेटपाशी गाडी शोधत होतास तेव्हा कीथ भेटला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मिस, मला माहीत होतं मी टाकला तो चेंडू. हातातून सुटतानाच कळलं होतं. पण तुम्ही चार म्हणालात, तेव्हा घरी जाऊन मी पुन्हा पुन्हा मोजलं. शेवटी वाटलं, मीच चुकलो असेन. भागाकारात चुकायचो तसा."

मी त्याची माफी मागितली. त्याला कुठे बघावं कळेना. मग त्याने त्या पानाची प्रत मागितली, आईला दाखवायला. मी म्हटलं, पानावर लाल शाई आहे. तो म्हणाला, "असू दे मिस. आधी माझ्या वहीत तुमची असायची, आता तुमच्या वहीत."

डॉक्टरची तारीख दोन सप्टेंबर मिळाली आहे. मला भीती वाटते. हे इतिवृत्तात लिहू नकोस.

मुरिएल


क्रेल
२९ ऑगस्ट

प्रिय मुरिएल,

सोमवारसाठी सूचना. टेबलावर गेल्यावर बोलायचं नाही, हलायचं नाही, दुसरा आपलं काम करत असेल तेव्हा त्याच्यावर सावली पडू द्यायची नाही आणि तो संपवेपर्यंत धीर धरायचा. वीस मिनिटं.

हेच गोल्फ. तुला इतकी वर्षं समजावून सांगत होतो, आता तू स्वतः खेळणार.

नंतर टाळी वाजवायला मी आहेच. नवव्या खड्ड्याचे सगळे तुझी आठवण काढतात. रॉरी पिटीने विचारलं आहे, त्या हात वर करणाऱ्या बाई बऱ्या आहेत ना?

डूगल


स्किप्टन
२१ सप्टेंबर

प्रिय डूगल,

एक डोळा झाला, दुसरा ऑक्टोबरमध्ये. पिशव्या नव्हत्या. अक्षर लहान झालेलं तुला दिसलं असेलच. माळ्याची मी माफी मागितली. फलकाला खरोखरच पाच वर्षांत ब्रश लागलेला नाही, आता ते मला स्पष्ट दिसतं आणि तशी लेखी तक्रार मी केली आहे. समितीने पुढच्या हंगामासाठी वही परत देऊ केली. मी म्हटलं, आधी दुसरा डोळा, मग बोलू. पर्सीने कार्ड पाठवलं आहे. आत एवढंच लिहिलं आहे: 'आता तुझं तू बघ, मुरिएल.'

काल खण आवरताना एप्रिलमधला तुझा फोटो सापडला.

कुत्रं नाही. बॅगच आहे, आणि काही गुणी वगैरे दिसत नाही.

बाकावर कोट टाकलेला नाही. कोटात नोरा बसली आहे. लांबून काढला आहेस, मान खाली आहे, पण ती बॅगेकडे बघून हसते आहे हे दिसतं. हसताना ती एक खांदा वर करायची, तसा केला आहे. असा तिचा फोटो माझ्याकडे एकही नव्हता. कपाटातल्या कुठल्या तरी जुन्या रोलमध्ये निघाला असेल आणि पहिला मला पाठवलास. आणि मी तुला लिहिलं, कोट टाकून जायची तुझी सवय गेलेली नाही.

ते वाचून तुला काय वाटलं असेल याचा मी काल बराच वेळ विचार केला. ती नोरा आहे, असं तू एका ओळीत लिहू शकला असतास. मी त्याच दिवशी डॉक्टरकडे गेले असते, आणि पुन्हा कधी तुला पत्र लिहिलं नसतं. हे तुला माहीत होतं. म्हणून तू पाच महिने कुत्र्यावर हसत राहिलास.

फोटो चौकटीत घातला आहे. सकाळच्या उजेडात तो चांगला दिसतो, म्हणून खिडकीजवळ ठेवला.

आता मुद्द्याचं. तिच्या डोक्यावर रुंद काठांची निळी टोपी आहे. आत माझी आद्याक्षरं शिवलेली आहेत. ती टोपी तुमच्या घरात आहे आणि तू फोटो काढलास म्हणजे तुला माहीत होतं. मोतीबिंदूचं कारण सांगू नकोस, तारखा मी ताडून पाहिल्या आहेत.

एप्रिलमध्ये सामने सुरू होतात. त्याआधी टोपी पाठव, किंवा घेऊन ये.

तुझी,
मुरिएल